काशीचा जव, लंडनचा पाव : कमी कर्बोदकांच्या आहाराचा इतिहास आणि काही गैरसमज

या टिपणाची सुरुवात दोन आकड्यांनी करतो : २८६ आणि ५१. दोन्ही माझ्या आईच्या ग्लुकोमीटरवरचे, आणि त्यांच्यात अंतर जेमतेम नऊ दिवसांचे.

पहिला एकादशीच्या दुपारचा. त्या दिवशी आईने अन्नाला स्पर्श केला नव्हता. साबुदाण्याची खिचडी, एक उकडलेले रताळे आणि दोन केळी एवढ्यावर भागवले होते. २८६ पाहून ती घाबरली. त्याच सुमारास नात्यातल्या कुणीतरी तिच्या फोनवर एक व्हिडिओ पाठवला. पोळी आणि भात हेच मधुमेहाचे मूळ, ते सोडा, गोळ्या आपोआप सुटतील, असे त्यात ठासून सांगितले होते. तिने पोळी-भात सोडला आणि मला सांगितले नाही. गोळ्या मात्र चालू ठेवल्या. पाचव्या दिवशी पहाटे ती घामाने चिंब होऊन असंबद्ध बोलत होती. मीटरवर ५१. साखरेचे पाणी पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी तिने मला नावाने हाक मारली.

दोन्ही वेळा तिने केले होते ते एकच : धान्य सोडले होते. एकदा साखर चढली, एकदा जिवावर बेतेल इतकी उतरली. हे कसे, ते समजून घ्यायला थोडे रसायनशास्त्र लागते आणि बराच इतिहास लागतो.

मी वाराणसीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात रसायन अभियांत्रिकी शिकवतो. 'भारतीय ज्ञान परंपरा' हा विषय अभ्यासक्रमात आला तेव्हा आहार-आरोग्याचे तास माझ्या वाट्याला आले, म्हणून हे टिपण. त्या तासांत मुले हमखास दोन विधाने करतात. एक : लो-कार्ब, कीटो ही सगळी अमेरिकन फॅशन. दुसरे बरोबर उलटे : आपले पूर्वज लो-कार्बच खात होते, भात-पोळीची सवय नंतर लागली. दोन्ही चुकीची आहेत.

आधी शब्द

'कर्बोदक' हा शब्द फोडून पाहा : कर्ब आणि उदक, म्हणजे कार्बन आणि पाणी. मूळ जर्मन संज्ञेचा हा थेट मराठी अवतार. कार्ल श्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये साखर, स्टार्च वगैरे पदार्थांच्या कुटुंबाला हे नाव दिले, कारण त्यांच्या सूत्रांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्यातल्याच प्रमाणात, दोनास एक, दिसत होते. (आत खरोखर पाणी भरलेले नसते. परीक्षेत दर वर्षी दोघे-तिघे तसे लिहितात.) त्याआधी १८२७ मध्ये विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने अन्नाचे तीन वर्ग सुचवले होते : साखरेसारखे, तेलासारखे आणि अंड्यातल्या पांढऱ्यासारखे. आजच्या पाकिटांवर छापलेली कर्बोदके, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने ही त्रयी तिथून निघाली.

तेव्हा जुन्या काळातल्या कुणालाही, मग तो काशीतला वैद्य असो की पॅरिसमधला, 'कर्बोदके कमी करा' असे म्हणता येणे शक्यच नव्हते. तो गूळ सोडायला सांगू शकत होता, नवा तांदूळ टाळायला सांगू शकत होता. ते सगळे एकाच खात्यात जमा करणारा शब्द त्याच्याकडे नव्हता. पूर्वजांच्या तोंडी आजची संज्ञा घालताना हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट. तुम्ही ज्या बाकावर बसता त्याच्या लाकडाचा मोठा भाग सेल्युलोज असतो, आणि सेल्युलोज हेही कर्बोदकच. अंगातला सुती सदराही तेच. पालकाच्या देठातला चोथाही तेच. साबुदाण्यातला स्टार्च काही मिनिटांत ग्लुकोज होऊ लागतो आणि पालकाचा चोथा होत नाही, पण तक्त्यात दोघांची जात एक. 'कर्बोदक म्हणजे साखर' हे समीकरण इथेच मोडते.

काशीराजाचे रुग्ण

सुश्रुतसंहितेची चौकट आमच्या या गावाची आहे. धन्वंतरीचा अवतार मानला गेलेला काशीराज दिवोदास शिकवतो आहे आणि सुश्रुतासह शिष्य ऐकत आहेत, अशी तिची मांडणी. ग्रंथ एका वर्षात, एका हाताने लिहिलेला नाही; शतकानुशतके त्यावर थर चढत गेले. त्याच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे दोन भाग केले आहेत : 'सहज', म्हणजे जन्माबरोबर आलेला, आणि 'अपथ्यनिमित्तज', म्हणजे चुकीच्या खाण्या-वागण्यातून आलेला. पहिल्याचा रुग्ण कृश, कमी खाणारा, सतत तहानलेला. दुसऱ्याचा स्थूल, भरपूर खाणारा, बसण्या-लोळण्याची आवड असलेला.

ही जोडी आजच्या टाइप १ आणि टाइप २ शी जुळवून टाळ्या घेणे सोपे आहे. मी तिथे हात आखडता घेतो, कारण प्रमेह हा वीस प्रकारांच्या मूत्रविकारांचा गट आहे आणि मधुमेह त्यातला एक. पण एवढे निश्चित की एकाच नावाच्या विकारात दोन वेगळ्या देहांचे रुग्ण येतात आणि त्यांना एकच उपाय चालत नाही, हे या वैद्यांनी पाहिले होते. स्थूल रुग्णासाठी सांगितलेले उपाय भलतेच कडक आहेत. निर्धनाने अनवाणी, छत्रीविना, भिक्षेवर जगत, एका गावी एकच रात्र काढत शंभर योजने चालावे. ऐपतदाराने श्यामाक, नीवार यांसारखी रानधान्ये खाऊन रानात राहावे. कुणी विहीर खणावी. आणि या सगळ्या दमवणाऱ्या यादीला जोडून एक छोटी सूचना येते : कृश रुग्णाला मात्र कायम जपावे. माझ्या आईचे वजन त्या पहाटे ४४ किलो होते.

चरकसंहितेत प्रमेहाची कारणे दिली आहेत. त्यांत बसून राहण्याचे आणि झोपेचे सुख आहे, गुळाचे पदार्थ आहेत, नवे धान्य आहे. पण दही, दूध आणि पाणथळ जागी राहणाऱ्या प्राण्यांचे मांसही आहे. आजच्या कीटोवाल्याला दही आणि मांस मोकळे असते, चरकाच्या यादीत तेच आरोपी. पूर्वज लो-कार्ब खात होते म्हणणाऱ्यांनी ही यादी पुरी वाचावी. आणि पथ्य म्हणून चरक काय सांगतो? धान्य सोडायला नाही. जव खायला. प्रमेहाच्या रुग्णाच्या जेवणात जव मुख्य असावा : त्याचे सातू, त्याची भाकरी, त्याचा भात.

आता तक्ता उघडा. आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात असलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत १०० ग्रॅम जवात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके आणि साडेअकरा ग्रॅम प्रथिने आहेत. गव्हाच्या कणकेत कर्बोदके सुमारे ६९, प्रथिने १२. म्हणजे जव हे अजिबात कमी कर्बोदकांचे अन्न नाही. फरक आहे तो त्यातल्या बीटा-ग्लुकन नावाच्या विरघळणाऱ्या तंतूत. तो आतड्यात चिकट, जेलीसारखा थर तयार करतो आणि ग्लुकोज रक्तात शिरण्याचा वेग मंदावतो. बेरीज तीच, वेग वेगळा. प्रक्रिया अभियांत्रिकी शिकणाऱ्याला एकूण राशी आणि प्रवाहदर यांतला फरक वेगळा सांगावा लागू नये, पण आहाराचा विषय निघाला की वर्गातली हुशार मुलेही तो विसरतात.

मराठीत 'सातू' म्हणजे जव आणि सातूचे पीठ म्हणजे भाजल्या धान्याचे पीठ. बनारसमध्ये 'सत्तू' मागितले की बहुतेक ठिकाणी भाजल्या हरभऱ्याचे मिळते. जवाचे हवे असेल तर तसे सांगावे लागते. एप्रिलमध्ये मेष संक्रांतीला इथे सतुआन साजरे होते, त्या दिवशी सत्तू आणि कैरी घरोघरी खातात. भाजल्या हरभऱ्यात कर्बोदके सुमारे ५८ आणि प्रथिने २२ ग्रॅम. घाटावरच्या नावाड्याचा हा जुना नाश्ता आजच्या कुठल्याही महागड्या प्रथिनपुडीच्या शेजारी मान वर करून बसू शकतो.

अन्न आणि फराळ

काशीची देवी अन्नपूर्णा. विश्वनाथ गल्लीतले तिचे सध्याचे मंदिर अठराव्या शतकात पेशव्यांच्या आश्रयाने बांधले गेले. धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंत तिच्या सोन्याच्या मूर्तीचे दर्शन खुले असते आणि प्रसादात नाण्याबरोबर साळीच्या लाह्या मिळतात. अशा गावात 'अन्न' हा शब्द कॅलरीच्या हिशेबाचा नसतो. तो धान्याचा, आणि धान्यापुरताच असतो. एकादशीला पाप अन्नात येऊन राहते, म्हणून अन्न वर्ज्य. शिंगाडा, कुट्टू, साबुदाणा, बटाटा यांना 'अन्न' म्हणत नाहीत, म्हणून ते चालतात. धर्माच्या दृष्टीने ही विभागणी पूर्ण सुसंगत आहे. घोटाळा होतो तो धर्माची विभागणी रसायनशास्त्राची समजली की.

आईच्या एकादशीचा हिशेब मी नंतर मांडला. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात, प्रथिने जवळजवळ शून्य. तिच्या ताटात ७५ ग्रॅम साबुदाणा गेला असावा : ६५ ग्रॅम. रताळ्याचे पंचवीस-तीस, दोन केळ्यांचे पन्नासच्या आसपास. एकूण १४० च्या घरात. एरवी ती दुपारी दोन पोळ्या आणि मूठभर भात खाते, ते साधारण ६५. म्हणजे अन्न सोडून तिने कर्बोदके दुपटीहून अधिक खाल्ली होती, आणि तीही डाळीशिवाय, भाजीशिवाय.

शिवाय हे फराळाचे ताट वाटते तितके सनातन नाही. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो. हे झाड मूळ दक्षिण अमेरिकेतले, पोर्तुगीजांबरोबर केरळात आले; एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. तमिळनाडूतल्या सेलमचा साबुदाणा उद्योग तर १९४० च्या दशकातला, महायुद्धामुळे पूर्वेकडून येणारा माल थांबला तेव्हाचा. शेंगदाणा, बटाटा, रताळे, हिरवी मिरची हेही अमेरिकेचेच. खिचडीतले जिरे, सैंधव आणि तूप बाजूला काढले तर वास्को द गामाच्या आधी या देशात काहीच नव्हते. त्याने उपवास भ्रष्ट होतो असे मी म्हणत नाही. खिचडी मलाही आवडते. पण 'पूर्वापार चालत आलेला हलका आहार' हे तिचे वर्णन टिकत नाही.

लंडनचा पाव

आता युरोपकडे. १७९७ मध्ये जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी वैद्याने कॅप्टन मेरेडिथ नावाच्या मधुमेही अधिकाऱ्याला धान्य-भाजी बंद करून जवळजवळ पूर्ण मांसाहारावर ठेवले आणि त्याची लक्षणे कमी झाल्याचे छापले. मेरेडिथ लठ्ठ होता, प्रौढ वयात आजारी पडला होता, आणि डॉक्टर रोज त्याच्यावर नजर ठेवून होता. या तीन गोष्टी पुढच्या काळात सांगणाऱ्यांनी गाळल्या.

खरी प्रसिद्धी मिळाली ती विल्यम बँटिंगला. (इन्शुलिनवाला फ्रेडरिक बँटिंग वेगळा, उत्तरपत्रिकांत दोघांची सरमिसळ होते.) हा लंडनमधल्या बड्या लोकांच्या अंत्यविधींची व्यवस्था करणारा व्यावसायिक. वयाच्या ६६ व्या वर्षी वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. बुटाची नाडी बांधता येईना, जिना उलटा उतरावा लागे. कानाला कमी ऐकू येते म्हणून तो विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरकडे गेला. हार्वेने पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची यकृत आणि साखर यांवरची व्याख्याने ऐकली होती. त्याने पाव, साखर, बिअर, बटाटे बंद केले. वर्षभरात बँटिंगचे ४६ पौंड उतरले आणि १८६३ मध्ये त्याने स्वखर्चाने एक पुस्तिका काढून वाटली. ती इतकी गाजली की स्वीडिश भाषेत आजही वजन उतरवण्यासाठी कमी खाण्याला 'बांटा' म्हणतात. गंमत अशी की त्याच्या रोजच्या आहारात कोरड्या टोस्टचा तुकडा होता, फळे होती आणि वाइनचे चांगले चार-पाच पेले होते. आज त्याचे नाव घेणारे यातले काहीच सांगत नाहीत.

बँटिंगच्या पुस्तिकेने एक नवी गोष्ट केली. तोवर पथ्य हे वैद्य आणि रुग्ण यांच्यातले असायचे. त्याने ते छापून सगळ्या गावाला दिले. आपल्या भाषेत 'पथ्य' आणि 'डाएट' हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. पथ्याला मालक असतो : अमक्याचे पथ्य. डाएटला नसतो.

याची काळी बाजू पुढच्या पन्नास वर्षांत दिसली. इन्शुलिनपूर्वी फ्रेडरिक अ‍ॅलन या अमेरिकन डॉक्टरने मधुमेही रुग्णांना कर्बोदकेच नव्हे, एकूण अन्नच अत्यल्प देऊन जगवण्याची पद्धत रूढ केली. मुले हाडांच्या सापळ्यासारखी होत. काही मधुमेहाने नव्हे, उपासमारीने गेली. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत ज्या चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला प्रथम इन्शुलिन टोचले गेले, त्याचे वजन फक्त ६५ पौंड होते. त्या दिवसापासून ताटातले कर्बोदक आणि अंगात जाणारे औषध ही तराजूची दोन पारडी झाली. एकातले काढले तर दुसऱ्यातलेही काढावे लागते. आई घेत होती ती ग्लिमेपिराइडची गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, जेवण झाले आहे की नाही हे न पाहता. तिने एक पारडे रिकामे केले होते आणि दुसरे तसेच ठेवले होते. व्हिडिओतल्या माणसाने पारड्याचा विषयच काढला नव्हता.

आणि कीटो? हा शब्द वजनाच्या संदर्भात जन्मलाच नाही. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या, रुग्णांसाठी 'कीटोजेनिक' आहार सुचवला. उपवासाने झटके कमी होतात हे माहीत होते. उपवास न करता शरीरात तशी स्थिती आणायची, ही कल्पना. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात, विशेषतः मुलांत, तो आजही मोजूनमापून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरतात. आमच्या वसतिगृहातली मुले मेसची पोळी सोडून पनीरवर राहतात आणि त्यालाच कीटो म्हणतात. संध्याकाळी लंकेवर जाऊन लस्सी पितात ते वेगळेच.

उंदरांची पोळी

भारतातही हा वाद जुना आहे. १९०७ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत उष्ण प्रदेशांतल्या मधुमेहावर चर्चा झाली, तेव्हाच बंगालमधल्या शिकलेल्या, बैठे काम करणाऱ्या वर्गात तो वाढत असल्याचे बोलले गेले आणि भात की आराम, असा प्रश्न पुढे आला. पुढे कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांच्या टोळ्यांना भारतातल्या वेगवेगळ्या लोकांचे आहार खाऊ घातले. शीख आहारावरचे उंदीर सरासरी २३५ ग्रॅमचे झाले, मराठा आहारावरचे २२५, मद्रासी आहारावरचे १५५. पहिल्या क्रमांकाचा आहार पोळीवरच उभा होता : जाडसर कणीक, आणि सोबत दूध, डाळ, भाजी. शेवटचा सडलेल्या, पॉलिश तांदळावर. दोन्हींत धान्य भरपूर, पण एकात कोंडा आणि सोबती होते, दुसऱ्यात नव्हते. उंदरांची वाढ म्हणजे माणसाचा मधुमेह नव्हे, हे खरे. तरी पोळीला सरसकट विष म्हणणाऱ्याने हा प्रयोग वाचायला हवा. कुन्नूरची ती प्रयोगशाळाच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

महाराष्ट्रात गेल्या दशकात घरोघरी पोचला तो 'दीक्षित डाएट'. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या विचारांवर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो मांडला. पुष्कळ लोक त्याला लो-कार्ब समजतात. त्याचा गाभा मात्र किती वेळा खावे हा आहे : दिवसातून दोनदाच, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. गोड टाळा आणि प्रथिने वाढवा हे त्यात आहे, पण पोळी हद्दपार नाही. त्याच्या बाजूने-विरुद्ध बरेच लिहिले गेले आहे, त्यात मी पडत नाही. मुद्दा एवढाच की काय, किती, किती वेळा आणि कोणासाठी हे चार वेगळे प्रश्न लोक एकाच शब्दात कोंबतात.

कर्बोदके कमी करण्यात तथ्यच नाही, असे मात्र समजू नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांच्या आत असावी. आपल्याकडे ती ५० ते ७० टक्के आहे. म्हणजे ताटातला भात-पोळीचा डोंगर खाली यायला हवा, डाळ आणि भाजी वर चढायला हवी, यावर फारसा वाद उरलेला नाही. पण सत्तरावरून पंचेचाळीसवर येणे आणि शून्यावर उडी मारणे यांत माझ्या आईची ती पहाट बसते.

तिच्या डॉक्टरांनी नंतर ग्लिमेपिराइड निम्मी केली. ताटात आता एक जव-हरभऱ्याची भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि दुप्पट भाजी असते. एकादशी तिने सोडलेली नाही, सोडणारही नाही. खिचडीच्या जागी आता राजगिऱ्याची छोटी भाकरी, दही आणि मूठभर शेंगदाणे आहेत. मागच्या एकादशीला दुपारी १६८ होते. 'देवाला चालतं ना रे हे?' असे तिने दोनदा विचारले.

पुढच्या तासाला येताना प्रत्येकाने मेसमधले एका वेळचे आपले ताट वजनकाट्यावर मोजून आणावे. धान्य, डाळ, भाजी आणि गोड यांचे वजन वेगवेगळे लिहा, आणि घरी कुणी मधुमेहाच्या गोळ्या घेत असतील तर त्या गोळीचे नाव विचारून या.